आमदारकीचं काय असतं, भाऊ?

मागच्या अंकात बाजार समितीवरच्या प्रश्नांची उत्तरं देता देता सहज लिहून गेलो की पुढच्या वेळी आमदार या विषयावर विचारा, आणि मग काय, पत्रांचा नुसता ढीग. अर्धे लोक विचारतात आमदार कसं व्हायचं आणि उरलेले अर्धे विचारतात झालेल्याचं काय करायचं. मी तालुक्याचा वार्ताहर, त्याआधी काही वर्षं एका आमदारांच्या ऑफिसात पत्रं टाइप करायचो, नाव सांगणार नाही, तेव्हा जे पाहिलंय आणि जे कायद्यात आहे ते मिळून लिहितो. पत्रं लांबलचक होती, कापून टाकतोय, राग मानू नका.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, पारोळा तालुका. बीए झालं, स्पर्धा परीक्षा देऊन देऊन कंटाळलो. मला आमदार व्हायचंय. घरचे हसतात. काय लागतं ते खरं खरं सांगा.

हसू दे भावा घरच्यांना. कागदावर बघशील तर तलाठ्याच्या परीक्षेपेक्षा सोपं आहे. शिक्षणाची अट नाही, वय २५ पूर्ण पाहिजे, ते पण अर्जांची छाननी असते त्या दिवशी, आणि महाराष्ट्रात कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत तुझं नाव पाहिजे. म्हणजे तुझा पारोळा एरंडोल मतदारसंघात येतो पण तू चाळीसगावातून किंवा पार कोकणातून पण फॉर्म भरू शकतो. राखीव जागेचं मात्र वेगळं, चोपडा, साक्री, शिरपूर आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा एसटीसाठी, भुसावळ एससीसाठी, तिथे त्या त्या प्रवर्गाचा दाखला लागतोच. डिपॉझिट १० हजार, एससी-एसटीला ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते दहाही त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर डिपॉझिट जप्त. खर्चाची मर्यादा ४० लाख, वेगळं बँक खातं काढायचं, चहा-नाश्त्यापासून गाड्यांच्या डिझेलपर्यंत सगळं रजिस्टरला लिहायचं. ४० लाख हा आकडा वाचून गावातले जुने कार्यकर्ते का हसतात ते तुला एक इलेक्शन जवळून बघितल्यावर कळेल, मी छापत नाही.

आता खरं. आपल्याकडे खान्देशात आमदार एकदम होत नाही, तो खालून वर सरकत येतो आणि त्याचा जिना सहकारात असतो. गावची विकास सोसायटी बघ. तिचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य, हेच लोक बाजार समितीला मतदान करतात. जिल्हा बँकेला सोसायटीचा ठराव ज्याच्या नावाने तो मतदार. म्हणजे ज्याच्या हातात पन्नास गावच्या सोसायट्या त्याच्या हातात बाजार समिती, आणि बाजार समिती आली की मुकादम, अडते, हमाल, ट्रॅक्टरवाले सगळे ओळखीचे होतात, मग झेडपीचा गट, मग तिकिटाची भाषा. यात पंधरा-वीस वर्षं जातात. सरळ वरून येणारे पण असतात, बापाची किंवा काकाची गादी असली की झालं. २०२४ ला रावेरला बघ, भाजपचे अमोल जावळे आणि काँग्रेसचे धनंजय चौधरी, दोघांच्याही वडिलांनी आमदारकी केलेली. पाचोऱ्याला तर भाऊ-बहिणीतच लढत होती, माजी आमदार आर. ओ. पाटलांचे पुतणे एका बाजूने आणि मुलगी दुसऱ्या बाजूने. तुझ्या घरात असं कोणी नसेल तर सोसायटीच्या इलेक्शनचा फॉर्म भर आधी. हरलास तरी गावातल्या प्रत्येक घराचं मत कळतं, ते कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. आणि परीक्षा सोडू नको रे, पोटाला काहीतरी पाहिजे.

प्रश्न : आमचे मिस्टर बारा महिने भाऊंच्या मागे फिरतात. शेती सासरे बघतात. इलेक्शनला तर महिनाभर घरी नव्हते. भाऊ निवडून आले, मिस्टरांना काय मिळालं? एक फोटो. मी काय करू? (नाव छापू नका, धरणगाव)

ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो कारण असे मिस्टर मी ऑफिसात रोज बघायचो. तुम्हाला तिथली सकाळ सांगतो म्हणजे तुमचा माणूस तिथे काय करतो ते तरी कळेल.

साडेसहाला गेट उघडतं. पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं पातेलं आणि कागदी कप. पहिला माणूस बहुतेक डीपीवाला असतो, म्हणजे शिवारातली विजेची डीपी जळाली, केळीला पाणी नाही, वायरमन फोन उचलत नाही. मग कापसाच्या खरेदीचं टोकन, पीक विमा, शिक्षकाची बदली, पोराचं अ‍ॅडमिशन, दवाखान्याच्या बिलात सवलत, पोलीस स्टेशनला अडकवलेली मोटारसायकल. एक म्हातारी यायची तापी नदीकाठच्या गावातून, अहिराणीत एवढंच विचारायची, "भाऊ, मन्हं काम कधी व्हई?" काय काम ते आम्हाला सगळ्यांना पाठ झालेलं. या सगळ्यांना आत सोडायचं कोणाला आधी, कोणाला नंतर, कोण आपल्या गटाचा, कोण मागच्या इलेक्शनला समोरच्याच्या गाडीत बसला होता, हे भाऊंच्या कानात सांगणारा माणूस म्हणजे तुमचे मिस्टर. मग नऊ वाजता गाडी निघते. लग्नसराईत एका दिवसात वीस-पंचवीस लग्नं, प्रत्येक मांडवात पाच मिनिटं, अक्षता, फोटो, पुढचं गाव. मधे कुठे द्वारदर्शन, कुठे गंधमुक्ती, म्हणजे कोणी वारलं त्या घरी भेट, तिथे चप्पल काढून दहा मिनिटं खाली बसावंच लागतं, नाही बसले तर ते घर पुढची तीन इलेक्शनं विसरत नाही. कोणाच्या घरी कोण वारलं ही यादी रात्री कार्यकर्तेच देतात. म्हणजे आमदाराचा अर्धा मेंदू कार्यकर्त्यांच्या डोक्यात असतो आणि त्या मेंदूला पगार नाही.

ऑफिसातलं आणखी एक सांगतो. लेटरपॅडवर आम्ही रोज पत्रं द्यायचो, बहुतेकांत शेवटचं वाक्य ठरलेलं, "नियमानुसार कार्यवाही व्हावी." घेणारा खुश, साहेबाच्या टेबलावर ते पत्र फायलीला लागतं आणि तिथेच राहतं. ज्याचं काम खरंच करायचं असतं त्याच्यासाठी पत्राबरोबर फोन जातो. तुमच्या मिस्टरांसाठी आजपर्यंत एकदा तरी असा फोन गेला का, तेवढं त्यांना शांतपणे विचारा. गेला असेल तर भाऊंच्या लेखी ते माणूस आहेत. नसेल तर ते सतरंज्या उचलतायत. आणि विचारायचंच असेल तर पद मागायला सांगा, उघड मागायला सांगा, सोसायटीचं चेअरमनपद, शाळा समिती, संजय गांधी निराधारची तालुका समिती, बाजार समितीचं तिकीट. न मागता कोणी देत नाही, लाजणाऱ्याचं नाव यादीतून सगळ्यात आधी कटतं. तुम्ही पण विचार करा ताई, महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि पत्रावरून तरी मला तुम्ही मिस्टरांपेक्षा हुशार वाटल्या. फक्त एक, उभ्या राहिलात तर सही तुमची आणि कारभार त्यांचा असं होऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या हे माहितीय पण त्या आधी आमदार होत्या म्हणतात. नातीला शाळेत भाषण करायचंय, थोडी माहिती द्या.

होत्या म्हणजे काय आजी, तेवीस वर्षं होत्या. जन्म नाडगावचा, १९ डिसेंबर १९३४. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकल्या, टेबल टेनिस चांगलं खेळायच्या, मग मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून वकिली केली. १९६२ ला, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत, जळगावातून निवडून आल्या तेव्हा वय २७. नातीला सांगा की त्या काळी सभेला बाया आल्या तरी मागे पदर घेऊन बसायच्या आणि ही पोरगी माईकवर बोलत होती. पुढच्या १९६७ च्या निवडणुकीपासून एदलाबादहून सलग चार वेळा आल्या, एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. १९६७ ला उपमंत्री, नंतर मंत्री, आणि १९७९ ला विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. माझ्या मते हे सगळ्यात अवघड पद, कारण मंत्र्याला फाइल लिहून देणारे असतात, विरोधी पक्षनेत्याला स्वतः वाचावं लागतं. १९८५ ला राज्यसभा, तिथे उपसभापती, १९९१ ला अमरावतीहून लोकसभा, २००४ ला राजस्थानच्या राज्यपाल आणि २५ जुलै २००७ ला राष्ट्रपती. निवडणूक एकही हरल्या नाहीत.

वेळ असेल तर भाषणात अजून दोन नावं घालायला सांगा, ती पोरांना कोणी सांगत नाही. रावेरचे मधुकरराव चौधरी, खिरोद्याचे, १९९० ते ९५ विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४. पंधरा वर्षांच्या आत दोन अध्यक्ष एकट्या जळगाव जिल्ह्यातून. मधुकररावांचे वडील धनाजी नाना चौधरी म्हणजे १९३६ च्या फैजपूर काँग्रेसवाले, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन.

प्रश्न : आमदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात म्हणे. पाच वर्षांचे २५ कोटी. आमच्या गावात एक पेव्हर ब्लॉकचा रस्ता झाला, बाकी पैसा कुठे गेला?

नाना, पैसा आमदाराच्या खात्यात येत नाही, आधी तेवढं डोक्यातून काढा. स्थानिक विकास निधी २०२२ च्या बजेटमध्ये ४ चा ५ कोटी झाला हे बरोबर. पण आमदार फक्त काम सुचवतो. समजा तुमच्या गावाला सभामंडप पाहिजे. ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा उतारा, आमदारांचं शिफारसपत्र, ते जातं कलेक्टर ऑफिसच्या नियोजन शाखेत, मग बांधकामचा इंजिनिअर इस्टिमेट काढतो, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर, आणि बिल सरकारकडून ठेकेदाराला. यात जागा गावठाणात आहे की गायरानात यावरून आठ-आठ महिने जातात. देवळाच्या ट्रस्टची जागा निघाली तर मग बघायलाच नको.

आता हिशोब करा. एका मतदारसंघात दीड-दोनशे गावं धरा, ५ कोटी भागिले दोनशे, गावाला अडीच लाख. त्यात हायमास्ट दिवा बसतो किंवा शे-दोनशे फूट पेव्हर ब्लॉक. म्हणून आमदारनिधीवर आमदार मोजू नका. मोठा पैसा बजेटमध्ये, पुरवणी मागण्यांत आणि डीपीडीसीत, म्हणजे जिल्हा नियोजन समितीत असतो, पालकमंत्री अध्यक्ष असतात तिथे. आमच्या अमळनेरकडचं पाडळसे धरण किंवा गिरणेवरचे बलून बंधारे हे काय ५ कोटीतून होणारे आहेत का, ते मंत्रालयात भांडून, केंद्राच्या योजनेत बसवून आणावे लागतात, आणि तिथे आमदार कमी पडतो की नाही ते बघायचं सोडून आपण बोर्डावर "यांच्या निधीतून" कोणाचं नाव मोठं यावर भांडतो. ठेकेदार कोण, तो आमदाराचा कोण लागतो, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता. माहिती अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून नियोजन शाखेकडून मागच्या पाच वर्षांची कामांची यादी मागवा, गाव, रक्कम, यंत्रणा सगळं मिळतं.

प्रश्न : एमएलसी, विधान परिषदेचे सदस्य, म्हणजे मागच्या दाराचे आमदार ना? (शिरपूर)

शिरपूरकरांनी हे विचारावं म्हणजे कमाल आहे. तुमच्याकडेच तर उदाहरण आहे. अमरीशभाई पटेल १९९० पासून शिरपूरचे विधानसभेचे आमदार, २००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघ एसटीसाठी राखीव झाला तर ते विधान परिषदेत गेले, धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून. तिथे मतदार तुम्ही-आम्ही नाही, नगरसेवक आणि झेडपी सदस्य. परिषदेच्या एकूण ७८ जागा, त्यातल्या ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ अशा स्थानिक संस्थांतून, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपाल नेमतात. मुदत सहा वर्षं, वय ३० लागतं. दार मागचं की पुढचं ते सोडा, पदवीधरच्या जागेला तुम्ही स्वतः मतदार होऊ शकता, आपण नाशिक विभागात येतो, पण त्याची यादी दर वेळी नव्याने होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून यावेळी असेलच असं नाही. अठरा नंबरचा फॉर्म. निम्मे ग्रॅज्युएट इथेच गळतात आणि मग निकालावर चर्चा करतात.

प्रश्न : आमचा आमदार विधानसभेत तोंड उघडत नाही. कसं कळणार काय करतो?

तोंड उघडणं एकच काम नाही तिथे. पहिला तास प्रश्नोत्तराचा, तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितचं उत्तर लेखी मिळतं. मग लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा. टीव्हीवर दिसतो तो गोंधळ, पायऱ्यांवर घोषणा, गळ्यात कांद्याची नाहीतर कापसाची माळ, ते फोटोसाठी. मला विचाराल तर एक नीट विचारलेला तारांकित प्रश्न दहा माळांना भारी, कारण त्याचं उत्तर द्यायचं म्हणून मंत्रालयापासून तहसीलपर्यंत सगळे टेबल हलतात, आकडे गोळा होतात, आणि चुकीची माहिती दिली तर हक्कभंग होऊ शकतो म्हणून अधिकारी घाबरतो. आमच्या ऑफिसात एका बंधाऱ्याचं काम चार वर्षं पत्रांवर चाललं होतं, प्रश्न लागला तेव्हा आठ दिवसांत इंजिनिअर जागेवर येऊन टेप लावून गेला. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज मिळतं, बघा तिथे तुमच्या माणसाचं नाव कितीदा येतं ते. पण तुम्ही पण एक करा काका, अधिवेशन चालू असताना त्याला साखरपुड्याला बोलवू नका. तुमच्या पोराच्या साखरपुड्याला नाही आला तर तुम्हीच म्हणणार मस्ती आली.

आता फटाफट काही.

अमळनेर, "पक्ष बदलला तर आमदारकी जाते का?" कायदा १९८५ चा, दहावं परिशिष्ट. स्वतःहून पक्ष सोडला किंवा व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडला तर जाते. आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ ला ते काढलं, आता विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांकडे, आणि तो कधी द्यायचा यातच बहुतेक टर्म निघून जाते.

जामनेर, "सगळ्यांनाच मंत्री का करत नाहीत?" विधानसभेच्या २८८ जागांच्या १५ टक्के, म्हणजे ४३, मुख्यमंत्री धरून. खान्देशच्या जागा २०, जळगाव ११, धुळे ५, नंदुरबार ४. तुमचे गिरीश महाजन तर अनेकदा मंत्री झालेत, तुमच्याकडे तरी मंत्रिपदाची तक्रार असायला नको खरं तर.

शहादा, "पडलेल्या आमदाराचं काय होतं?" मूळ पेन्शन महिना ५० हजार, जास्त वर्षं केली तर त्यावर भर. पैशाचं दुखत नाही त्यांचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गेटसमोरच्या गाड्या कमी होतात ते दुखतं. पण एक बघितलंय, जे पडल्यावर पण द्वारदर्शनाला जात राहतात ते पाच वर्षांनी परत येतात.

अक्कलकुवा, "आमचा मतदारसंघ कोणाला दिसतो का?" यादीत महाराष्ट्राचा मतदारसंघ क्रमांक १ तुमचाच आहे. पावसाळ्यात सातपुड्यातल्या पाड्यावरून पेशंट बांबूच्या झोळीत आणावा लागतो तेव्हा त्या एक नंबरचा काय उपयोग, ते मात्र तुमच्या आमदाराला विचारा, लेखी विचारा आणि पोचपावती घ्या.

शेवटचं पत्र, आठवीतल्या मुलीचं, भडगावहून. "मला विधानसभा आतून बघायचीय. लहान मुलांना सोडतात का?" बेटा, प्रेक्षक गॅलरी असते, पास लागतो आणि तो आमदाराच्या पत्रावर मिळतो. शाळेच्या लेटरहेडवर सरांकडून अर्ज लिहून घे, मुलींची यादी आणि ओळखपत्रं जोड. हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपूरला असतं, जळगाव-पाचोऱ्याहून रेल्वेने जाता येतं, मुंबईपेक्षा तिथे गर्दी पण थोडी कमी. आत मोबाइल नेता येत नाही, बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. दिवाळीच्या आधी अर्ज दे, नंतर सगळे पास कार्यकर्ते घेऊन जातात. आणि पत्र घ्यायला सरांना एकट्याला पाठवू नको, तुम्ही चार-पाच जणी स्वतः जा ऑफिसात सकाळी सातच्या आत.

पुढच्या अंकात जिल्हा बँक आणि पीककर्ज. पत्रं पोस्टकार्डावर पाठवलीत तरी चालेल, फक्त अक्षर वाचता येईल असं काढा.